आठव्या घरातला पाहुणा

त्या काळी आभाळातले चालते तारे वस्तीवर मुक्कामाला येत. चालते म्हणजे एका जागी न टिकणारे. बाकीचे बिचारे जिथे ठोकले तिथेच राहायचे, त्यांच्याशी वस्तीचं काही देणंघेणं नव्हतं. चालते मात्र एकेक करून माळावरून उतरत, पायांची धूळ झटकत आणि ज्या घराची पाळी असेल त्याच्या ओसरीवर येऊन बसत. घरं बारा होती, गोलाकार मांडलेली. मधे ऐसपैस चौक आणि एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत एवढी मोकळी जागा, की शेजाऱ्याला हाक मारायची तर तोंडाभोवती दोन्ही हात धरावे लागत.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. चांद सगळ्यांचा लाडका, कधी गुबगुबीत होऊन यायचा, कधी उपाशी असल्यासारखा. एक तांबडा होता, तो जेवतानासुद्धा कुणाशी तरी भांडण उकरून काढायचा. एक इतका घाईचा, की पाट मांडेपर्यंत पुढच्या घरी पोचलेला. आणि एक होता सावकाश. डावा पाय ओढत चालायचा. एका घरी बसला की तिथलं रांगतं पोर धावायला लागेपर्यंत उठायचा नाही. उंच इतका, की दारातून येताना त्याला घडी घालावी तसं दुमडून यावं लागे. उजेड मात्र राखेखालच्या निखाऱ्याएवढा. वस्तीनं त्याचं नाव सावकाशबुवा ठेवलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर घेतलं तरी तो रागवत नसे. राग यायलाही त्याला फार वेळ लागला असता.

आठवं घर सगुणा आणि यसाजीचं. सावकाशबुवा दुमडून आत आला, तेव्हा सगुणानं पदर सावरून रीतसर म्हटलं, "या, बसा." तो बसला. त्यांची लेक गोजरा तेव्हा बोबडं बोलणं सोडून नुकती स्पष्ट बोलायला लागली होती, आणि एकदा बोलायला लागली ती थांबायचं नाव घेईना. घरातल्यांना कामं होती. ऐकून घ्यायला मोकळा असा एक पाहुणाच होता.

पाहुण्याला वस्तीच्या रीती ठाऊक नव्हत्या. नुसता परसात जायला उठला तरी म्हणायचा, "जातो."

"मामा, जातो म्हनू नये," गोजरानं पहिल्याच दिवशी त्याला फटकारलं. "येतो म्हनावं. जातो म्हटलं की मानूस येतच न्हाई."

"मी तर जातोच. पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या."

"आन् मंग?"

सावकाशबुवानं बराच वेळ विचार केला. "मग इथेच येतो," तो म्हणाला. जणू हे त्याला आजच कळलं होतं.

"तेच सांगतेय मी कवाची," गोजरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विसरला. पुढे तो मुद्दाम विसरायला लागला असावा, असं सगुणाला वाटायचं. पोरीनं कमरेवर हात ठेवून रागवावं म्हणून. त्याच्या अंगाला भर उन्हाळ्यातही गारवा असायचा. दुपारी गोजरा त्याच्या पाठीला पाठ लावून झोपी जायची आणि ती उठेपर्यंत तो हलायचा नाही. न हलणं हे एक काम त्याला फार चांगलं जमायचं.

मग गोजराला ताप आला. अंग तव्यासारखं तापलं, तेव्हा तीच म्हणाली, मला मामाच्या पाठीशी निजवा. निजवलं. पाला वाटून झाला, ओली फडकी झाली, यसाजी तीन डोंगरांपलीकडून कसलीशी मुळी घेऊन आला. पहाटे पोरीनं डोळे उघडले, आईला ओळखलं आणि म्हणाली, "आई, जाते."

"येते म्हन," असं सगुणाच्या ओठांवर आलंच होतं. सवय होती. पण ते म्हणेपर्यंत ओसरीवर पोर नव्हती, नुसतं तिचं अंग होतं.

आठव्या आणि नवव्या घराच्या मधे जी मोकळी जागा होती तिथे गोजराला पुरलं. वर दगड रचले. बायका रडल्या, पुरुष खाली माना घालून बसले, संध्याकाळी ज्याच्या त्याच्या चुली पेटल्या. वस्तीत 'का' हा शब्द होता, नव्हता असं नाही. भाकरी का करपली, शेळी का ओरडतेय, एवढ्यापुरता. गेलेल्या माणसाला 'का' लावायची पद्धत नव्हती. सगुणानं तो शब्द पहिल्यांदा तिथे नेऊन लावला.

"का गेली?" तिनं यसाजीला विचारलं.

"ताप व्हता."

"ताप का आला?"

"त्यो येतोच की गं," तो म्हणाला आणि उठून शेतात गेला. तिथे बांधाला टेकून तो एवढा रडला, की बैलांनी चरायचं थांबवलं.

त्याच दिवशी सातवं घर आठव्याकडे हातभर सरकलं. कुणी फार मनावर घेतलं नाही. जमीन आहे, सरकायची कधीमधी.

सगुणा घरोघर फिरली. माझी पोर का गेली? सातव्या घरातल्या हौसाक्कानं तिला पोटाशी धरलं, पण उत्तर दिलं नाही. पहिल्या घरातला म्हातारा धोंडबा वस्तीत सगळ्यांत जाणता, तोही दाढी खाजवत राहिला. ज्या दारात ती विचारायची, ते घर ती वळल्यावर चौथऱ्यासकट पुढे सरकायचं. अकरा दारं विचारून ती परत आली, तेव्हा दोन घरांच्या मधून जेमतेम एक गाय जाईल एवढीच वाट उरली होती.

राहिला फक्त पाहुणा. तो बसल्या जागेवरून उठलाच नव्हता. त्याच्या गार पाठीवर लहान मुलाच्या पाठीएवढा एक डाग होता, आणि तो डाग अजून चटका बसेल इतका गरम होता. सगुणानं त्यावर हात ठेवून पाहिला आणि पटकन काढून घेतला. इतके दिवस ती त्याला अहोजाहो करायची. ते तिनं तिथेच सोडलं.

"जाते हा शबुद तिच्या तोंडात कुनी घातला?"

"तो माझा शब्द होता," सावकाशबुवा म्हणाला.

"मंग ती तुज्यामुळं गेली."

"मी फक्त बसलो होतो."

"का बसलास?"

"तुम्ही म्हणालात, या, बसा."

सगुणा चुलीपाशी जाऊन बसली, पण चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशीही पेटवली नाही. यसाजी शेजारून भाकरी मागून आणायचा आणि तिच्यापुढे ठेवायचा, ती वाळून जायची. तिची हाडं दिसायला लागली. रोज ती पाहुण्यासमोर येऊन तेच विचारायची आणि रोज तो तेच सांगायचा, कारण दुसरं सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

शेवटी एका सकाळी ती त्याच्या पायाशी बसली. आवाज पार खाली गेला होता. "मला कारन पायजे," ती म्हणाली. "खोटं असंल तरी चालंल. पोर गेली ते मी कसंबी सोशीन, पन ती उगाच गेली, हे मला सोसत न्हाई."

सावकाशबुवाला विचार करायलाही चालण्याइतकाच वेळ लागायचा. ऊन ओसरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. समोर बसलेली बाई दिवसभरात आणखी थोडी लहान झाली.

"हो," तो म्हणाला. "माझ्यामुळे गेली."

"कसं?"

"मी बसतो तिथे असंच होतं."

सगुणानं दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला सुरुवात केली. मारता मारता तिला रडू फुटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पोर गेल्यापासून ती कोरडीच होती. रडून झाल्यावर तिनं यसाजीनं ठेवलेली भाकरी खाल्ली आणि तिथेच भुईवर कलंडून झोपली. पाहुणा तिच्याकडे बघत राहिला. तिचा श्वास नीट चालला होता, आणि त्याला तेवढंच हवं असावं.

बारा घरांनी एकदमच उसासा टाकल्यासारखा आवाज केला आणि ती आणखी जवळ आली.

आता घरं इतकी जवळ होती, की एका घरात बोललेलं दुसऱ्यात ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळीच हौसाक्का ओसरीवर हजर. "माज्याकडं बसला व्हतास तवाच माजी म्हस गेली. खरं का न्हाई?" तिनं विचारलं. सावकाशबुवानं आतल्या अंगाला पाहिलं. सगुणानं चूल पेटवली होती, पीठ मळत होती, कान मात्र इकडे होता.

"हो," तो म्हणाला.

हौसाक्का जाताना हलकी होऊन गेली. तिच्यामागून बाकीचे आले. कुणाचं पोट पडलं होतं, कुणाचा भाऊ डोंगरात गेला तो आलाच नव्हता. धोंडबाचा मुलगा बापाशी भांडून परागंदा झाला होता, ते भांडण बापानंच उकरलं हे उभ्या वस्तीला माहीत होतं. तरी धोंडबानं विचारलं, आणि पाहुणा त्यालाही हो म्हणाला. म्हातारा तिथेच उकिडवा बसून हुंदके देत रडला. दरेक होकारागणिक सावकाशबुवाचा होता नव्हता तो उजेड कमी होत गेला, अंग काजळीसारखं काळं पडत गेलं. मग लोकांना चटकच लागली. तांबड्याला त्यांनी जाब विचारला, घाईच्याला पळता पळता धरून विचारलं. चांद बिचारा लांबून नुसता बघत होता, तर म्हणाले, तू बघतोस ना, म्हणूनच होतं. वस्तीत आता उगाच काही होईना. भाकरी करपली तरी कुणाचा तरी पायगुण होता.

घरं भिंतीला भिंत लावून उभी राहिली. जागा पुरेना तशी त्यांनी कोपरे काढले, काही घरं तिरकी झाली, काही मधे टोकदार होऊन घुसली. ऐसपैस चौक आधी पाटाएवढा झाला आणि मग नाहीच उरला. कुठेही जायचं तर दुसऱ्याच्या घरातूनच जावं लागे. आणि आठव्या नि नवव्या घराच्या मधे वीतभर फट राहिली, तिच्यात गोजराचे दगड अडकले होते. सगुणा त्या फटीतून हात घालायची. खांद्यापर्यंत घातला तरी बोटं शेवटच्या दगडाला लागायची नाहीत.

सावकाशबुवाची उठायची वेळ झाली. त्याचं पुढलं घर नववं, आणि घरातून त्याला कुणी वाट देईना, तेव्हा वाट त्या फटीतूनच. पलीकडून लोकांचा गलका ऐकू येत होता, आमच्याकडं नको, आमच्या घरात नको.

"पुढच्या घरचे विचारतील," तो सगुणाला हळूच म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

सगुणानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला खरं माहीत होतं. पोरीला शेवटपर्यंत गारवा दिला तो ह्यानंच, आणि होकार वदवून घेतला तो आपण. आता एकदा नाही म्हटलं, की हा सुटला असता. घरं पाठीमागे सरकली असती, तिला दगडांपर्यंत जाता आलं असतं. पण नाही म्हटलं की गोजरा पुन्हा नुसतीच गेलेली होणार होती. ती काहीच बोलली नाही. त्यानंही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तेवढ्यात भिंतीभिंतींतून वाट काढत सगळी वस्ती आठव्या घरात येऊन दाटली. एवढा उंच, एवढा जड पाहुणा वीतभर फटीतून जायचा कसा, याचा खल झाला. धोंडबाला तोड सुचली. "त्याला तेलानं माखा. घसरून जाईल." ज्याच्या त्याच्या घरातून तेल आलं, वाटीतून, बुधल्यातून, कुणी मुलाच्या टाळूचं ठेवलेलं आणलं. पहिलं तेल कुणी घालायचं, यावर वाद नव्हताच. गाऱ्हाणं पहिल्यांदा जिनं मांडलं तिनं.

धोंडबानं वाटी सगुणाच्या हातात दिली. "पन आदी समद्यांसमोर सांग पोरी," तो म्हणाला. "ह्याच्यामुळंच ना?"

बाया पदर तोंडाशी धरून तिच्या उत्तराची वाट बघत होत्या. त्यांचंही सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. यसाजीनं एकदाच मान वर करून बायकोकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत, नको, असं काहीतरी होतं.

"व्हय," सगुणा म्हणाली. "ह्याच्यामुळंच."

तिनं वाटी वर उचलली. तो उभा होता, डोकं आढ्याखाली दुमडलेलं, आणि तिचा हात जेमतेम त्याच्या छातीपर्यंत जात होता. ती टाचा उंचावून उभी राहिली. वाटी कलली, तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तरी हात पुरेना. मग सावकाशबुवानं डावा पाय हातानं उचलून बाजूला घेतला आणि तिचा हात पोचावा म्हणून तिच्यासमोर मान घालून खाली बसला.