सत्तर किलोंचा जावईबापू

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. पण माझ्याशी खेळायला येऊ नका, पाठ धरून बसाल. माझं वजन सत्तर किलो. पोटात वाळू, वरून जाड ताडपत्री, आणि नाक-तोंड काहीच नाही. गावापासून दिवसभराच्या वाटेवर, उघड्या माळावर जमिनीतून तेल काढायचं एक ठिकाण आहे. अडकलेला माणूस बाहेर कसा काढायचा, हे कामगारांना शिकवण्यासाठी मला तिथे आणलं. काम काही करायचं नाही आणि वर चार जणांनी उचलून न्यायचं, म्हणून सगळे मला 'जावईबापू' म्हणू लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

शिकवणाऱ्या बाई आधी दवाखान्यात परिचारिका होत्या. तिथे एकदा त्यांच्यापुढे एकाच खड्ड्यातून काढलेले तीन मृतदेह आले. पहिला वायूने गुदमरून पडला होता; उरलेले दोघे त्याला वाचवायला त्याच्या मागोमाग उतरले होते. तेव्हापासून बाईंनी एकच ध्यास घेतला. त्या मला रिकाम्या टाकीच्या तळाशी निजवत आणि वरच्या माणसाला बजावत, "आधी थांब, मग बोंब, मग घोडी." घोडी म्हणजे टाकीच्या तोंडावर उभं करायचं तीन लोखंडी पायांचं साधन. आत उतरणाऱ्याच्या पट्ट्याचा दोर तिच्या चरखीला लावला, की तो पडला तरी बाकीच्यांना खाली न उतरता त्याला वर ओढता येतं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपलं माणूस डोळ्यांदेखत पडलेलं असताना थांबायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून ज्याची परीक्षा असेल, त्याच्या जवळच्या माणसाचा शर्ट बाई माझ्या अंगात घालायच्या.

तिथे एक वेल्डर होता. त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा तिथेच फिटर होता आणि बहीण कामगारांच्या खानावळीत स्वयंपाक करायची. बाईंनी मला फिटरचा निळा शर्ट चढवला. वेल्डरने वाकून पाहिलं आणि शिडीवरून थेट माझ्याजवळ. बाईंनी वहीत लिहिलं, 'दोघे गेले.' दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच. बाकीचे हसले. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "बाई, मला कळतं हो सगळं, पण पाय ऐकत नाहीत." चौथ्या खेपेला तो टाकीच्या तोंडाशी घामाने निथळत उभा राहिला, पण उतरला नाही. घोडी लावून त्याने मला वर काढलं आणि माझी कॉलर नीट केली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पुढे बाई निवृत्त झाल्या. मग भिंतीवर पडदा लागला. नव्या माणसाला वीस मिनिटांची फिल्म दाखवायची, त्याची सही घ्यायची, की झालं शिक्षण! माझी रवानगी गोदामात, घोडीच्या पेटीवर. उंदरांनी बगल कुरतडली, वाळू गळू लागली, आणि विचारतो कोण? गरज सरो, वैद्य मरो. घोडीचं ओझं कोण वाहील, म्हणून लोक पट्ट्याचा दोर नुसता कठड्याला बांधून टाकीत उतरू लागले.

एका दुपारी फिटर असाच गाळाच्या टाकीत उतरला. वर राखणीला एक रंगारी होता, फिल्म बघून शिकलेला. गोदामाचं दार उघडं होतं आणि टाकी अगदी समोर होती. गाळ ढवळला आणि वायू सुटला. हा वायू मोठा लबाड. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, मग नाकच बधिर होतं आणि वाटतं, गेला बुवा एकदाचा. फिटर हाकेला ओ देईना. रंगाऱ्याने दोर ओढून पाहिला, पण निपचित माणूस त्या अरुंद तोंडातून हातांनी निघतो थोडाच! त्याने एक पाय आत टाकला, तोच वेल्डर धावत आला.

त्याने वाकून पाहिलं. खाली तोच निळा शर्ट होता. उतरू नकोस रे बाबा, असं मला ओरडायचं होतं, पण मला तोंड कुठे आहे?

तो थांबला. रंगाऱ्याची मानगूट धरून त्याने त्याला मागे खेचलं आणि अशी बोंब ठोकली की खानावळ रिकामी झाली. दोघांना त्याने हवा सोडायच्या पंख्यासाठी पिटाळलं, गोदामात येऊन मला दाराशी ढकललं आणि घोडी उचलली. तिचा एक पाय गंजून घट्ट बसला होता. तो हातोड्याने ठोकू लागला.

बहीण पिठाच्या हातांनी धावत आली. "दादा, उतर ना रे. बघत काय राहिलास?"

तो ठोकतच राहिला.

"तुझा सख्खा भाऊ असता तर उतरला असतास."

त्याचे हात क्षणभर थांबले. त्याने टाकीकडे पाहिलं आणि मला वाटलं, संपलं सगळं. मग घोडीचा पाय कट्‌कन सुटला.

"मी उतरलो तर दोघंही जाऊ," तो म्हणाला. घोडी टाकीवर उभी करून त्याने कठड्याचा दोर सोडून चरखीला लावला. "चरखी धर."

तिने धरली. रडत, दात-ओठ खात ती फिरवत राहिली. त्याने टाकीच्या तोंडाशी अडकलेले खांदे वळवून घेतले आणि फिटर बाहेर आला. चेहरा काळानिळा झाला होता, पण श्वास चालू होता. प्राणवायूची नळी लावून त्याला दवाखान्यात नेलं. अकराव्या दिवशी तो आपल्या पायांनी परत आला.

त्यानंतर बहीण गोदामात आली. दाभण आणि सुतळी घेऊन तिने माझी बगल शिवली, सांडलेली वाळू सुपाने भरली. भावाने घोडीला तेल घातलं. आता तोच शिकवतो.

मित्रांनो, वाचवणारी साधनं धूळ खात ठेवू नका. त्यांना महिन्यातून एकदा तरी हात लावा, नाहीतर वेळेवर त्यांचाही पाय उघडत नाही.

परवा बहीण भावाला म्हणाली, "त्या दिवशी तू नसतास तर मी उडी घातली असती. माझीही परीक्षा घे." त्याने स्वतःचा शर्ट काढून मला घातला. मी टाकीच्या तळाशी पडून होतो. वर तिचा चेहरा दिसला आणि मग शिडीच्या पहिल्या पायरीवर तिचं पाऊल. मग तिने ते मागे घेतलं आणि बोंब ठोकली.