डबा गार व्हायच्या आत

बिलोलीत भल्या सकाळी एखादी बाई रस्त्यानं पळताना दिसली की लोक तिला एकच गोष्ट विचारतात : "काय झालं हो?" काही झालेलं नसताना माणूस पळतो, हे गावाला पटत नाही. खरं सांगायचं तर गावाचं फार चुकतं असंही नाही.

महादेवीला हे पहिल्याच सकाळी कळलं. ती लातूरची, एका बियाणे कंपनीत नोकरीला. हिवाळ्यात बियाण्यासाठी लावलेला हरभरा तपासायला तिला दर आठवड्याला बिलोलीला यावं लागे. सोमवार ते शुक्रवार मुक्काम गुरम्माच्या लॉजवर. वय सत्तेचाळीस, अंगानं भरलेली, बोलायला खणखणीत. शाळेत असताना निलंग्यात तिच्यापुढं पळणारं कुणी नव्हतं, हे ती इतक्या वेळा सांगायची की घरात त्यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. नवरा अमरनाथ गंजगोलाईतल्या दुकानातून आला की म्हणायचा, "पळायची खरी, पण बस सुटल्यावर!"

अमरनाथच्या थट्टेचं तिला काही वाटत नसे. लेक सुकन्या मात्र हसायचीसुद्धा नाही, नुसती मान डोलवायची, आणि ते जास्त लागायचं. सुकन्या पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज मैदानावर घाम गाळत होती. बातमी तिनंच आणली. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नांदेडला मायलेकींची दौड होती, पाच किलोमीटरची. थांबायचं नाही, चालायचं नाही आणि शेवटची दोरी दोघींनी हात धरून ओलांडायची. एक बाद झाली की दुसरीही बाद.

"मी मावशीला नेऊ का?" सुकन्यानं विचारलं. "मावशी म्हणजे आईच की. शिवाय ती झुंबा करते."

महादेवीनं हातातली जुडी खाली टाकली. सख्खी आई समोर भाजी निवडत बसलेली, आणि पोरगी आई उसनी आणायला निघालेली!

"माझं नाव लिही," ती म्हणाली.

सुकन्यानं लिहिलं. "मधीच बसू नको म्हणजे झालं," एवढंच म्हणाली.

आता सराव करायचा तर तो फिरतीवरच. घरी असतेच किती दिवस? म्हणून पुढच्या आठवड्यात महादेवीनं नवेकोरे पिवळे बूट घातले, ओढणी कमरेला आवळली आणि लॉजच्या पायऱ्या उतरली. चौक यायच्या आत दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल शेजारी येऊन थांबली. गावात घरोघर दूध घालणारा व्यंकट होता.

"बसा म्याडम, सोडतो."

"नको, मी पळून राहिले."

"ते दिसून राहिलंय. पर कुठं?"

"कुठंच नाही."

व्यंकटचा चेहरा पडला. आवाज खाली करून तो म्हणाला, "घरी काही बोलाचाली झाली का?"

त्याला कसंबसं वाटेला लावलं, तर सडा टाकणारी एक बाई बादली ठेवून धावत आली : "दवाखान्यात कोण हाय?" पुढं हॉटेलवाल्यानं हात धरूनच बसवलं. माणूस दमलंय, त्याला चहा पाजायचा नाही तर कुणाला? दुसऱ्या दिवशी देगलूरची एसटी थांबली. कंडक्टरनं दार उघडून धरलं, ड्रायव्हर हॉर्न बडवू लागला आणि खिडक्यांतून आरडाओरडा सुरू झाला, "चढा, चढा, जागा हाय!" मला बस नको, असं तिनं सांगितल्यावर आतली एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "रुसलीय. जाऊ द्या."

आठवडा संपला तेव्हा महादेवीच्या पोटात भरपूर चहा आणि पोहे गेले होते आणि सलग पळणं कोपऱ्यावरच्या पानटपरीपुढं गेलं नव्हतं. अमरनाथ म्हणाला, "पळण्यानं तब्येत सुधारली हं तुझी. गाल वर आले."

सोमवारी तिनं गुरम्माला सगळं सांगितलं. गुरम्मा साठीची, विधवा, एकटीनं लॉज चालवणारी. ती तोंडात पदर कोंबून हसली.

"अय्यो! रिकाम्या हातानं पळतीस तर लोक थांबवणारच की गं. हातात काम दिसलं की कोण अडवतंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं महादेवीच्या हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा ठेवला. गुरम्माचे वडील शरणप्पा गावाबाहेर चारेक किलोमीटरवर मळ्यात राहत. वय पंच्याऐंशी. गावात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा बाणा. धपाटे मात्र लेकीच्याच हातचे हवेत आणि गरम हवेत. "माझा गडी घेऊन जातो, पर वाटंत चार ठिकाणी बसतो. अप्पा मग गार धपाटे खातात अन् मला निरोप धाडतात, की तुझी माय असती तर असं झालं नसतं. आता तू ने. पळत ने."

आणि काय सांगावं! व्यंकट "बसा म्याडम" म्हणायला तोंड उघडतो तोच त्याला डबा दिसला. "अप्पांचा का? मग पळा, पळा!" सडा टाकणाऱ्या बाईनं बादली बाजूला घेतली. हॉटेलवाला उकळत्या चहामागून ओरडला, "गार होईल हो, बघत काय राहिलात!" तीन दिवसांनी तर देगलूरच्या एसटीनं तिला बघून वेग कमी केला आणि धूळ उडू नये म्हणून हळूच बाजूनं गेली. ज्या गावानं तिला पळू दिलं नव्हतं, तेच गाव आता तिला थांबू देईना.

अडचण एकच उरली, ती म्हणजे पाय. मळ्याच्या अलीकडं ओढ्यावर पूल होता. तिथं आली की श्वास फुलायचा, मांड्या दगड व्हायच्या आणि कठड्याला हात टेकून ती उभी राहायची. मग उरलेली वाट चालत.

शरणप्पा बाजेवर बसलेले असत. ते नमस्कार-चमत्कार काही करत नसत. डब्याला मनगटाची मागची बाजू लावत आणि निकाल देत.

"गार."

जिच्या एका शेऱ्यानं भलेभले शेतकरी घाबरत, ती महादेवी मान खाली घालून उभी राही. दुसऱ्या दिवशी पुन्हा "गार." तिसऱ्याही दिवशी तेच. जेवण झाल्यावर मात्र म्हातारा तिला हुरड्याची मूठ देई आणि परतताना मळ्यातलं दूध न्यायला आलेल्या व्यंकटच्या गाडीवर नीट बस म्हणून बजावी. तिसऱ्या आठवड्यात एकदा मनगट डब्यावर जरा जास्त वेळ राहिलं.

"कोमट."

महादेवीनं मळ्यातूनच फोन लावला. "सुकन्ये, आज कोमट!"

"काय कोमट?" पोरगी म्हणाली. "आई, तुझं बरंय ना?"

पण गाडी त्या कोमटावरच अडली. दौडीच्या आधीच्या शुक्रवारीही पुलावर पाय थांबलेच. लातूरला निघताना ती गुरम्माला म्हणाली, "अक्का, तीन किलोमीटरनंतर माझे पाय ऐकत नाहीत. पोरगी माझ्यापायी बाद होणार." डोळे भरून आले होते. गुरम्मा "हं" एवढंच म्हणाली आणि तवा घासत राहिली.

रविवारी नांदेडला नदीकाठच्या रस्त्यावर मायलेकींची जत्राच भरली होती. दौड सुटली. महादेवी धावत होती खरी, पण पहिल्या पावलापासून काहीतरी चुकत होतं. हातांचं काय करायचं हेच तिला कळेना. मोकळे हात इकडून तिकडं नुसते हलत होते. शेजारी सुकन्या आईसाठी वेग आवरून, दात आवळून पळत होती. स्वतःच्या लेकीबरोबर आलेली मावशी आणि तिच्यासारख्या कितीतरी बायका पुढं निघून जाताना ती बघत होती. तीन किलोमीटरचा फलक आला आणि मांड्या दगड झाल्या.

"तू हो पुढं," महादेवी धापा टाकत म्हणाली.

"पुढं होऊन काय करू?" सुकन्या रडकुंडीला आली. "दोरीपाशी हात कुणाचा धरू?"

महादेवीचं पळणं आता जवळजवळ चालणंच झालं होतं. आणखी दोन पावलं, की बाद.

"महादेवे!"

रस्त्याच्या कडेला इरकल साडीचा काष्टा मारलेली गुरम्मा उभी होती. ती तशीच बरोबर धावू लागली आणि फडक्यात बांधलेला डबा तिनं महादेवीच्या हातात कोंबला.

"अप्पा दोरीपाशी बसलेत! राती आणलंय त्यांना, हितंच माझ्या बहिणीकडं. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं न्हाई. म्हणतात, महादेवी आणील तेच खाणार. आत्ताच तव्यावरून काढलेत, पळ!"

गावात पाऊल न टाकणारा म्हातारा नांदेडला आला होता. उपाशी बसला होता.

डब्याची ऊब तळहाताला लागली आणि महादेवीच्या पायांना वाट आठवली. तिनं डबा छातीशी धरला आणि सुटली. झुंबावाल्या मागं पडल्या, फलक मागं पडला, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं तेही मागं पडलं. निलंग्याच्या शाळेतली ती पोरगी इतकी वर्षं कुठं दडून बसली होती कोण जाणे, पण आज ती आली होती आणि तिला घाई होती. महादेवीला हसू येत होतं. इतका आनंद तिला किती वर्षांत झाला नव्हता.

"आई, हळू!" मागून सुकन्या ओरडली. "अगं, हात दे ना!"

एका हातात लेकीचा हात आणि दुसऱ्यात डबा, अशी तिनं दोरी ओलांडली. कुणी गळ्यात पदक घालायला आलं, त्याला चुकवून ती तशीच पुढं गेली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पांढरं धोतर आणि डोक्याला रुमाल बांधून शरणप्पा बसले होते. तिनं डबा पुढं केला. म्हाताऱ्यानं मनगट उलटं करून डब्याला लावलं आणि लगेच मागं घेतलं. मग तो फडक्याची गाठ सोडू लागला. महादेवी उभ्याउभ्या रडत होती आणि डोळे पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं.

मागं सुकन्या धापा टाकत फोनवर बोलत होती. "पप्पा, आई खरंच पळायची. अहो खरंच!"

शरणप्पांनी धपाट्याचे दोन तुकडे केले, एक सुकन्यापुढं धरला.

"फोन ठेव अन् आधी खा, पोरी," ते म्हणाले. "गरम हाय."