नकोशीचा पाय

"जोरानं दे गं पोरी, भिऊ नगंस," उंबऱ्यात पालथे पडलेले तात्याबा विव्हळले.

नकोशीने पदर खोचला आणि डावी टाच त्यांच्या कमरेवर तीनदा टेकवली. एरवी या म्हाताऱ्यासमोरून जाताना डाळज गावच्या सुना वहाणा हातात घेत. आज तो तिच्या पायाखाली निमूट पडला होता आणि उठून चक्क चालत घरी गेला.

नकोशी पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते आणि अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, यावर सगळ्या मुलखाचा विश्वास. मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली म्हणून बापाने नाव ठेवलं नकोशी. पण तिच्या पायासाठी पार इंदापूरहून माणसं यायची. सासू भामाबाई पाणवठ्यावर तोऱ्यात सांगायची, "आमची सून पायाळू हाय."

दिवाळीत तिचा नवरा बिरू मेंढरं घेऊन आला तो कमरेवर हात ठेवूनच. नवऱ्याला पाय कसा लावायचा म्हणून नकोशी अडून बसली. बिरू हसला. "समद्या गावाला लावतीस, मी काय पाप केलंय?"

आधी त्याच्या पाया पडून तिने टाच टेकवली. त्याला बरं वाटलं. चार दिवसांनी पुन्हा दुखू लागलं, पुन्हा टाच. मग संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला.

"इंदापूरला दवाखान्यात दाव की गड्या," शेजारचा सोपान म्हणाला.

"घरात औषद असताना सुई कशापायी टोचून घिऊ?"

नकोशी सुखावली. कुणाला तिच्यावाचून दुसरं काही नको आहे, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. दवाखान्याचं नाव तिनेही काढलं नाही.

शिमग्याला बिरू उठायला गेला आणि पाय लुळे पडून खाली बसला. बैलगाडीत घालून त्याला इंदापूरला नेलं. डॉक्टरांनी पाठीचा मणका चाचपला.

"हाडाचा क्षय आहे. मणका कुजलाय. कधीपासून दुखतंय?"

"दिवाळीपासनं," सोपान म्हणाला.

"आणि इतके दिवस काय करत होता? तेव्हा आणलं असतं तर काही करता आलं असतं. आता हा चालेल असं वाटत नाही."

भामाबाईने फक्त सुनेच्या पायांकडे पाहिलं.

गावाने तिच्या दारी येणं सोडलं. तात्याबांची उसण पुन्हा भरली, तेही आले नाहीत. "नवऱ्याला पाय लावला, त्याचंच पाय गेलं," भामाबाई येईल त्याला सांगे. नकोशी उलटून बोलत नसे. तिलाही ते खरंच वाटत होतं.

एका सकाळी बिरूने हाक मारली, "नकोशे, मला उंबऱ्यात न्हे."

"आता कशाला वो?"

"न्हे म्हंतो न्हवं."

तिने त्याला काखेत धरून ओढत नेलं, पालथं निजवलं. पाठ वाळून फळी झाली होती. चुलीपाशी भामाबाईचा हात थांबला. चौकट धरून नकोशीने पाय उचलला, पण तो काही केल्या खाली टेकवेना. तिला रडू फुटलं.

"लागला बग," आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बिरू मातीकडे तोंड करून म्हणाला. "लई बरं वाटतंय."

नकोशीचा पाय अजून वरच होता.