टेकाडाची चौथी बाजू

माती तपासायचे लांब गिरमीट चाळीस सेंटिमीटरवर अडले. पुरातत्त्वज्ञ एमोकेने ते हलक्या हाताने वर ओढले, तर मातीबरोबर माणसाच्या बोटाचे हाड आले. सकाळपासूनचे सातवे.

आनंद व्हायला हवा होता. सोमवारी हंगेरीतल्या तिसा नदीचा बांध उंच करायला याच टेकाडाची माती उचलणार होते. त्याआधी, इथे तीनशे वर्षांपूर्वीच्या राकोत्सीच्या बंडातली मातीची गढी होती हे तिला सिद्ध करायचे होते. खंदकाच्या तीन बाजू हवाई छायाचित्रांत पुसट दिसत. नदीकडची चौथी दिसत नव्हती. तीन बाजूंचा मेंढवाडाही असतो, असे पुरातत्त्व खात्याने कळवले होते. आणि ही हाडे मूळ जागची नव्हती. फार वर होती, सुटी होती, आणि प्रत्येकाला बारीक करडी वाळू चिकटलेली. टेकाडाची माती मात्र काळी, चिकट.

"काय डॉक्टरीणबाई, सापडला का सरदार?" वेंडेलने विचारले. तो बांधाचा राखणदार, चौऱ्याहत्तरीचा. तिच्यासाठी पाव, कांदा आणि खारवलेली चरबी घेऊन आला होता.

"सरदार कुठला, नुसती बोटं. काका, ही वाळू कुठली?"

वेंडेलने हाड पाहिले. मग चिरायला घेतलेला कांदा खाली ठेवला.

"चला," तो म्हणाला.

बांधावरून दोघे निघाले. डाव्या हाताला तिसा, बांधाच्या माथ्यापासून दोन हात खाली, तपकिरी आणि गप्प. वेंडेल गावाकडच्या कडेने, गवतातून चालत होता.

"इकडे या. मधून चालू नका."

"का?"

"पुरात आम्ही जोडीनं गस्त घालतो. या टप्प्यात पावलं तिघांची वाजतात. कधी चौघांची. वाट सोडायची, बस्स. बायको म्हणायची, दारू पिता म्हणून वाजतात. सोडली प्यायची. तरी वाजतातच."

एमोके हसली आणि कडेला आली. थोडे पुढे जाऊन ती थांबली. वेंडेलही थांबला. मागे रिकाम्या वाटेवर खडी आणखी एकदा वाजली.

वेंडेलने मागे पाहिले नाही.

बांधाच्या पायथ्याशी, कोरड्या बाजूला, बांधाखालून झिरपलेले पाणी गवतातून उकळल्यासारखे वर येत होते. भोवती करड्या वाळूचे कडे. वेंडेल गुडघ्यावर बसला, वाळूत बोटे घातली आणि शेंगेतून दाणा काढावा तसा एक दात काढला.

"पंचावन्न वर्षांपूर्वी हाच उमाळा फुटला," तो म्हणाला. "बांध जाणार होता. जवळची माती म्हणजे टेकाडाचीच. आम्ही वीसजणांनी नदीकडची अख्खी कड पोत्यांत भरली, इथे रचली. माझ्या तिसऱ्या पोत्यात कवटी आली. मुकादम म्हणाला, भर. भरली."

"किती माणसं होती?"

"मोजायला वेळ होता का, पोरी? गाव वाचलं. पोती कुजली. आता दर वसंतात जो वर येतो, त्याला नेऊन टेकाडात परत पुरतो."

म्हणजे हाडे पुरावा म्हणून गेलीच. पण एमोकेच्या मनात वेगळाच हिशेब सुरू झाला होता. "कड कुठवर खणली होतीत? खंदकाचा तळ लागला?"

"छातीइतकं खाली गेलो. पाणी लागलं. पायाला फांद्यांसारखं काही टोचलं, तेव्हा सोडलं."

टेकाडाकडे परतून त्याने जागा दाखवली. एमोकेने तिथे गिरमीट लावले. पुरांनी वर भरलेला गाळ ओलांडून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर माती मऊ पडली. वर आली ती वाळुंजाच्या फांद्यांची जुडी, दोरीने घट्ट बांधलेली, खंदकाची कड धरायला बसवलेली. पाने हिरवी होती. तीनशे वर्षे हवा लागली नव्हती. ती बघत असतानाच पाने तपकिरी झाली, मग काळी.

वेंडेलने टोपी काढली. "नुकती पालवी फुटली होती."

"हो. मे महिना असेल."

तिने छायाचित्रे पाठवली आणि खात्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाने खोली दोनदा विचारली, दोरीचा पीळ विचारला, शेवटी मान्य केले. माती उचलणारे यंत्र दुसरीकडे जाईल. टेकाडाला संरक्षण मिळेल. परवानगीशिवाय कुणीही तिथे फावडे लावायचे नाही.

तिने हे सांगितले तेव्हा वेंडेलने मान हलवली. "चांगलं झालं." मग त्याने मूठ उघडली. दात मुठीतच होता. "मग याला कुठे पुरू?"

नियमाने संग्रहालयात. तिला उत्तर पाठ होते. ती नदीकडे वळली.

"पाणी अजून चढेल?"

"शनिवारपर्यंत."

"म्हणजे उमाळ्यातून आणखी येतील."

"येतातच."

गिरमिटाचे भोक अजून उघडे होते. ते बुजवणे तिचेच काम होते. "मी माती टाकायच्या आत सोडा," ती म्हणाली.

वेंडेलने दात भोकावर धरला आणि सोडला. दोन मीटर खाली पडायला एक सेकंदही लागत नाही, आणि तळाशी पाणी होते. दोघे वाकून ऐकत राहिले. चांगला मिनिटभर. खालून आवाज आलाच नाही.