माघारी आकडा

त्या रविवारी दुपारी बेलापूरच्या संगणक केंद्रात सुनयना एकटीच होती. एकटी म्हणजे अगदी एकटी. सोबतीला गार हवा, पंख्यांची घरघर आणि डिस्कांची पुरुषभर उंच कपाटं. मोठ्या मशीनवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची होती. त्याआधी बारा डिस्क पुसून एकेकीला सहा अक्षरांचं नाव द्यायचं, आणि बाकीच्या आठांना हात लावायचा नाही. त्या आठांतल्या एकीवर न्हावा शेव्याला कुठला कंटेनर कुठे उभा आहे, याची यादी होती. टेपवरची नक्कल गुरुवारची. ती डिस्क गेली, तर उद्या कळंबोलीहून निघालेले ट्रक गेटवर उभे राहणार, आणि आपली पेटी कुठली हे कुणालाच सांगता येणार नाही.

पुसण्याआधी मशीन एकदाच विचारायचं, बदलू का? यू हे अक्षर दिलं की डिस्कवरचं सगळं गेलं, टी दिलं की राहिलं.

केंद्रात एक रीत होती, निवृत्त झालेल्या कमळाकरकाकांनी घालून दिलेली. मिठागरावर टोपल्या मोजताना एक जण पुकारी, दुसरा तोच आकडा माघारी म्हणे. तसंच इथं, प्रत्येक डिस्कला तिचा आकडा होता. आकडा माघारी आल्याशिवाय यू द्यायचा नाही. चार वर्षं सुनयना पुकारत आली, जोतीराम माघारी म्हणत आला. तोही तिच्यासारखा साताऱ्याकडचा. आकडासुद्धा ओवीच्या दुसऱ्या ओळीसारखा उचलायचा, हलकेच. दोन महिन्यांपूर्वी तो मस्कतला गेला. पोचल्यावर पत्ता कळवतो म्हणाला होता. पत्र आलं नाही, आणि त्याच्या जागी कुणी माणूसही आलं नाही.

तिनं पहिला आकडा मोठ्यानं म्हटला. खोलीनं तो गिळून टाकला.

शेवटी तिनं सारसोळ्याला कमळाकरकाकांकडे फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोनं, पुतळाकाकूंनी. सगळं घर पुतण्याच्या, हितेशच्या हळदीला उरणला गेलं होतं. पाय मुरगळला म्हणून काकू तेवढ्या मागे राहिलेल्या. आता बेंजो सुरू झाला असेल, त्या म्हणाल्या. सुनयनानं भीत भीत विचारलं, मी आकडे वाचते, तुम्ही नुसते माघारी म्हणाल का.

"मना त्यातला काय कलतंय गो बाय," काकू म्हणाल्या. "पन वाच. तोंड तं हाय ना."

सुनयनानं आधी ठेवायच्या आठ वाचल्या. ती यादी मशीननं छापलेली. पुसायच्या बारांची यादी तिनं कपाटांवरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या बघून हातानं उतरवली होती. आकडा पुकारावा, तो माघारी यावा, यू द्यावा. चार डिस्क अशा पार पडल्या. पाचवीला ती म्हणाली, "तीन-आठ-चार," आणि बोट यूवर ठेवून थांबली. पलीकडून काहीच आलं नाही.

"काकू?"

"ही तं मगाशी ठेवाची म्हनलीस."

"नाही हो, ती दुसरी असेल."

"दुसरी कशी? ठेवाच्यांत सहावी घेतलीस. मासलीच्या लिलावात कुनाची टोपली कुटली, ता चालीस वर्सां डोक्यात ठेवलंय मी."

सुनयनानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. तीन-आठ-चार दोन्हींवर होती, आणि कंटेनरची यादी नेमकी तिच्यावरच. एसीच्या कामाला कपाटं हलवली, तेव्हा गळालेली चिठ्ठी कुणीतरी शेजारच्या कपाटावर चिकटवून दिली होती, आणि तिनं ती तशीच उतरवली होती. न्हावा शेव्याचे सगळे कंटेनर तिच्या एका बोटाखाली उभे होते. तिनं बोट उचललं. टी दिला.

मग मशीनलाच विचारून खात्री केली. रिकामी होती ती तीन-आठ-पाच, तिला पुसलं. उरलेल्या सातही मशीनच्या छापील कागदाशी पडताळून पाहिल्या. सगळ्या बरोबर. आता चूक व्हायला जागा नव्हती आणि काकूंना अडकवून ठेवायला कारणही नव्हतं. ती काकूंना म्हणाली, तुमचे उपकार झाले, आता ठेवते.

"झाला काय सगला?"

सुनयनानं कागदाकडे पाहिलं. फोनमधून काकूंच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, दुसरं काही नाही.

"सात राहिल्यात."

"मंग वाच ना," काकू म्हणाल्या. "रात झाल्याबगर कोन येत नाय इकडं."

सुनयनानं खुर्ची पुढे ओढली आणि पुढचा आकडा पुकारला, अगदी सावकाश.