कोरफडीला पाणी कोण घालतं?

लातूरचा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी आमचं ऑफिस अजून भाड्याच्या घरातच होतं. मी तिथं टायपिस्ट. माझ्या राहत्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेली वीतभर कोरफड मी ऑफिसच्या खिडकीत ठेवली होती. मुदखेडजवळच्या आमच्या गावी बाबांनी मडक्यात लावलेल्या कोरफडीचा हा फुटवा. बाबा गेले, आणि गेल्या उन्हाळ्यात गावची कोरफडही गेली. त्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि महिन्याभरात आई ते बघायला येणार होती.

अन् ही बया सडायला लागली! पानं मऊ, बुडाशी तपकिरी डाग. मी तर शनिवारी फक्त एक कप पाणी घालायची. नळ आठवड्यातून एकदा येणाऱ्या गावात झाड पाण्यानं सडतंच कसं? एकदा प्रश्न पडला की मला अन्न गोड लागत नाही.

म्हणून एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीनमध्ये कागद घालून उगाच टकटक करत बसले. आवक-जावकच्या नीलाबाई आल्या, अर्धा ग्लास पाणी प्यायल्या आणि उरलेलं डब्यात ओतलं. मग ड्रायव्हर रेवणप्पा, त्यांच्यामागून आणखी दोघं. शेवटी खुद्द साहेब इकडंतिकडं बघत आले आणि तेही ग्लास रिकामा करून गेले. तासाभरात पाच जण!

"अहो, काय चालवलंय हे?" मी ओरडलेच.

"उरलेलं पाणी फेकवत न्हाई गं," नीलाबाई म्हणाल्या. "एवढ्या वणवणीनं मिळतं. झाडाच्या मुखी गेलं तर काय बिघडलं?"

सगळ्यांनी मायेनंच केलं होतं, त्यामुळं तर माझा आणखीनच संताप झाला. मी एकेकाला फैलावर घेत होते, तेवढ्यात म्हातारे शिपाई केरबामामा यांनी डबा उचलून उलटसुलट बघितला.

"बाई, ह्याच्या बुडाला भोक कुठं हाय?"

भोक मी पाडलंच नव्हतं.

केरबामामांनी कोरफड उपसली आणि सडलेली मुळं ब्लेडनं कापली. "सुतळी द्या. मुळं वर करून भिंतीला टांगू."

"मामा, आमच्यात नजर-बिजर मानत नाहीत." आमचं बौद्धाचं घर. दारावर कोरफड टांगणाऱ्यांशी बाबा जन्मभर वाद घालत आले होते.

"नजरंचं कोण बोलून राहिलंय? जखम वाळू द्या. तिच्या पानात लई पाणी हाय, तिला तुमचं नको."

मातीवाचून झाड जगतं? माझा विश्वास बसेना, पण बघायची हौस दांडगी. रोज सकाळी आल्या आल्या मी पान दाबून बघायची. आठ दिवसांत कुजकट वास गेला. पंधराव्या दिवशी पान बारीक झालं होतं, पण घट्ट लागत होतं. विसाव्या दिवशी कापल्या जागी तांदळाएवढं पांढरं मूळ दिसलं, आणि मी साहेबांनाही हाताला धरून बघायला आणलं.

दोन दिवसांनी आई ऑफिसात आली. भिंतीकडं बघून दारातच थांबली.

"सिंधू, ह्यांचं झाड उलटं टांगलंस? ह्यांनी हेच शिकवलं व्हय तुला?"

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. ग्लास, सड, न पाडलेलं भोक, नवं मूळ. आईनं मूळ जवळून पाहिलं आणि विचारलं, "जास्त पाण्यानं मरते ही?"

"हो."

"मडक्यात रोज तांब्याभर घातलं तर?"

"मग तर सडणारच," मी फुशारकीनं म्हणाले. मला आता सगळं कळत होतं ना!

आई खुर्चीवर बसली.

"कोसावरून हंडा आणायची मी," ती म्हणाली. "हे गेल्यापासून पैला तांब्या मडक्यातल्या कोरफडीला, मग माझ्या तोंडात. पानं मऊ पडली. मला वाटलं, पाणी कमी पडून राहिलंय. मग दोन घालाया लागले."

तिनं पदर तोंडाशी धरला. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.