चाळीस वर्षे, एक हात

भाषण सात मिनिटांचं होतं आणि ते लिहायला धाकट्या पट्टीवाल्यांना अकरा दिवस लागले. त्यातले दहा दिवस एकाच प्रश्नात गेले: महापुराच्या दिवशी नदी मोजली कुणी?

वास्तविक हा प्रश्न पडायचं काही कारण नव्हतं. उत्तर पितळेवर कोरून तयार होतं. पुलाच्या दुसऱ्या खांबावर मापाची पट्टी रंगवलेली आहे. रोज सकाळी आठ वाजता खाली उतरायचं, पाणी पट्टीवर कुठपर्यंत आलंय ते बघायचं, वर येऊन नोंदवहीत आकडा लिहायचा आणि महिनाअखेर पान मुख्य कार्यालयाला पाठवायचं, हे पट्टीवाल्याचं काम. थोरल्या पट्टीवाल्यांनी ते चाळीस वर्षं केलं. एक दिवस चुकला नाही. मागल्या वर्षी थोरले गेले, आणि आता मुख्य कार्यालय त्यांच्या स्मरणार्थ पट्टीच्या खोलीवर फलक लावणार होतं. त्यावर मजकूर होता: ‘चाळीस वर्षे, एक हात. महापुरातही न चुकलेले माप.’ फलकावरचा पडदा साहेब ओढणार होते आणि त्याआधी थोरल्यांचे एकमेव हयात मदतनीस म्हणून धाकटे बोलणार होते.

आता ‘एक हात’ म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ त्या हातातच आहे.

मुख्य कार्यालयाचा नियम असा की नोंदवही एकाच हस्ताक्षरात हवी. थोरले नवे असताना एकदा तापाने पडले आणि तीन दिवसांचे आकडे शेजारच्या टेलरमास्तरांनी लिहिले. आकडे बरोबर होते. पण पान परत आलं. सोबत पत्र: ‘हस्ताक्षर का बदलले, याचा खुलासा सादर करावा.’ खुलासा केला, तर त्यावर खुलासा मागवला गेला. अशी चौदा पत्रं झाली. पंधरावं येण्याआधी थोरल्यांनी बाजारातून चार पाट्या आणल्या आणि आसपासच्या सगळ्यांना आपलं अक्षर शिकवायला बसवलं. बायकोला, टेलरमास्तरांना, पुढे नोकरीला लागलेल्या धाकट्यांना आणि धाकट्यांचं लग्न झाल्यावर त्यांच्या बायकोलाही. साताच्या पोटात आडवी रेघ, चार वरून उघडा, नवाची शेपटी लांब आणि किंचित रागावलेली. जमेपर्यंत चहा नाही.

परिणाम असा झाला की पुलाजवळच्या गल्लीत एकच अक्षर नांदू लागलं. टेलरमास्तर शर्टाची मापं त्याच अक्षरात लिहीत. गल्लीतल्या पोरांच्या आजारपणाच्या चिठ्ठ्या शाळेत त्याच अक्षरात जात, आणि एकच बाप सगळ्या वर्गाला ताप आल्याचं कळवतो कसा, असं मास्तरीणबाईंना वाटे. धाकट्यांनी लग्नाआधी बायकोला लिहिलेली पत्रं त्याच अक्षरात होती. तिने लग्नानंतर ती मोजली तेव्हा त्यांनी लिहिल्यापेक्षा दोन जास्त निघाली. त्याचा छडा अजून लागलेला नाही.

तर धाकटे भाषणाच्या तयारीसाठी म्हणून वहिनींकडे, म्हणजे थोरल्यांच्या घरी, गेले. हे घर पट्टीच्या खोलीला लागूनच. भिंतीवर थोरल्यांना मिळालेलं प्रशस्तिपत्र होतं: एकही दिवस न चुकल्याबद्दल, मुख्य कार्यालयात समारंभपूर्वक प्रदान. धाकट्यांनी तारीख टिपून घेतली. मग नोंदवहीत महापुराचं पान काढलं आणि त्यावरची तारीख टिपली. दोन तारखा शेजारी शेजारी बसल्या आणि धाकट्यांकडे बघू लागल्या. तारीख एकच होती.

म्हणजे ज्या सकाळी नदी पुलाला टेकली, त्या सकाळी थोरले दीडशे मैलांवर, एकही दिवस न चुकल्याचं प्रशस्तिपत्र स्वीकारत होते.

नोंद मात्र थोरल्यांच्या अक्षरात. सातात रेघ. नवाची शेपटी रागावलेली.

धाकट्यांना प्रथम वाटलं, मीच मोजली असणार. त्यांना कमरेएवढं गार पाणी आठवत होतं. ते पुलावरच्या दुकानात टेलरमास्तरांकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. टेलरमास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून सांगितलं की महापुराचं माप त्यांनी स्वतः घेतलं, पायात डावी चप्पल नव्हती, ती वाहून गेली, उजवी अजून माळ्यावर आहे. आणि खरोखर माळ्यावरून उजवी चप्पल काढून दाखवली. धाकटे घरी आले. त्यांच्या बायकोने सांगितलं की त्या आठवड्यात धाकट्यांना गालगुंड झालं होतं आणि ते पलंगावर डोक्याला फडकं बांधून पडले होते. “मग कमरेएवढं पाणी मला आठवतंय ते कुठलं?” तर ती म्हणाली, “अहो, ते आपण फिरायला गेलो होतो तेव्हाचं. तुम्ही चेंडू आणायला उतरला होता.”

धाकट्यांनी मग नोंदवह्या चाळल्या. आपण घेतलेली मापं तरी ओळखू येतील, असा त्यांचा समज. चाळीस वर्षांच्या वह्यांत त्यांना आपला एकही चार ओळखता आला नाही. काही सात बघून गहिवरून आलं, पण ते नेमके कुणाचे हे कळेना.

राहिल्या वहिनी. त्यांना विचारायचं म्हणजे अवघड काम. वहिनी जास्त बोलत नसत. त्यांनी एवढंच म्हटलं, “जे खरं आहे तेच बोला, भावजी.” दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “आणि ह्यांचं नाव खाली येईल असं काही बोलू नका.” धाकटे पायऱ्या उतरले आणि खाली पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही दोन भाषणं आहेत.

त्यांची अडचण साधी होती. खरं बोललं तर ‘एक हात’ खोटा ठरतो आणि साहेब फलक उचलून परत नेतात. तेहतीस वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली त्यांच्या स्मरणाचा असा पचका करायचा? आणि खोटं बोललं, तर पहिल्या रांगेत वहिनी बसणार. त्यांना सगळं ठाऊक. त्यांच्याकडे यापुढे कुठल्या तोंडाने बघायचं? फलकही लागला पाहिजे आणि वहिनींच्या नजरेला नजरही देता आली पाहिजे, एवढंच धाकट्यांना हवं होतं. अकराव्या दिवशी त्यांनी नोंदवहीच्या सुट्या कागदावर एक भाषण लिहिलं, ज्यात नदी फार, पाणी फार आणि माणूस कुठेच नव्हता. ‘माप घेतले गेले,’ असं त्यात सहा वेळा आलं होतं.

समारंभाच्या सकाळी ते आधी वहिनींकडे गेले. कोटाचं बटण सैल झालं होतं म्हणून कोट काढला, कागद टेबलावर ठेवला. वहिनींनी बटण लावून दिलं. तेवढ्यात बाहेर साहेबांची गाडी वाजली. धाकट्यांनी घाईघाईने टेबलावरचा कागद उचलून खिशात घातला आणि निघाले.

पट्टीच्या खोलीपुढे तीस-पस्तीस खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर थोरल्यांचा फोटो, चष्म्यासकट. भिंतीवर पडद्याआड फलक. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी वहिनी, मागे वहिनींची लेक, टेलरमास्तर आणि धाकट्यांची बायको. साहेबांचं घड्याळ बघून झालं. धाकटे उभे राहिले, कागद उघडला आणि वाचू लागले.

“पट्टीचं माप सकाळी आठला घ्यायचं असतं. सकाळी आठला झोप फार चांगली लागते, असं ह्यांचं मत होतं.”

धाकट्यांनी फोटोकडे हात केला. लोक हसले. हे वाक्य आपण कधी लिहिलं ते धाकट्यांना आठवेना. पण अक्षर तेच होतं, कागद तोच होता आणि गोष्ट खरी होती. गेल्या अकरा दिवसांत त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास तसाही उडालाच होता. ते पुढे वाचू लागले.

“ह्यांची-माझी गाठ पडली तेव्हा मला पोहता येत नव्हतं. ह्यांनी माझ्या हातात पाटी दिली आणि सात काढायला लावला. सात जमेपर्यंत चहा मिळाला नाही.” टेलरमास्तरांनी जोरात मान हलवली. “ह्यांना सर्दी झाली की माप मी घेतलं. ह्यांचा गुडघा दुखला की माप मी घेतलं. ह्यांना कंटाळा आला तेव्हाही माप मी घेतलं, आणि कंटाळा ह्यांना वर्षातून चार महिने येई.”

साहेबांनी खिशातून पेन काढलं. धाकट्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. हे असलं काही लिहायचं नाही, असं ठरवून आपण अकरा दिवस बसलो होतो ना? पण डोळे पुढच्या ओळीवर गेले होते आणि तोंड डोळ्यांच्या मागोमाग चाललं होतं.

“महापुराच्या दिवशी हे गेले होते बक्षीस घ्यायला. माप मी घेतलं. पाणी कमरेला लागलं. त्या दिवशी मला सातवा महिना होता.”

धाकट्यांनी ते वाक्य मनात पुन्हा एकदा वाचून पाहिलं. सातवा महिना होता. मग त्यांनी, का कोण जाणे, आपल्या कोटाच्या लावलेल्या बटणाकडे पाहिलं. मागच्या रांगेत त्यांच्या बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली.

मग धाकट्यांनी वर पाहिलं. पहिल्या रांगेत वहिनी चष्मा लावून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक कागद उघडा होता. नदी फार, पाणी फार, माणूस कुठेच नाही, तो कागद.

इथे थांबता आलं असतं. कागद चुकला, म्हणता आलं असतं. लोक हसले असते, साहेबांनी पेन खिशात घातलं असतं आणि पडदा ओढून सगळे चहाला गेले असते. धाकट्यांनी तोंड उघडलंही. पण वहिनींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, मीठ मागावं तसं म्हटलं, “पुढचं वाचा, भावजी.”

धाकट्यांनी वाचलं.

“आत पोरीने लाथ मारली. म्हटलं, थांब जरा, आकडा विसरेन. वर येऊन आकडा लिहिला आणि मगच ओलं लुगडं बदललं. हे परत आल्यावर त्यांनी आधी वही बघितली आणि म्हणाले, नवाची शेपटी छान आली आहे. तेवढंच म्हणाले. मला ते पुष्कळ दिवस पुरलं. माझी किती मापं आणि ह्यांची किती, हे आता मला ओळखता येत नाही. एक हात म्हणाल तर खरंच एक होता. तो ह्यांनीच आम्हाला दिला. भिजलो ते आम्ही.”

कागद संपला. लोक वहिनींच्या लेकीकडे बघत होते; ती आईकडे बघत होती. टेलरमास्तर शेजारच्याला हळूच विचारत होते, मग माझी चप्पल कुठल्या पुरात गेली? टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला ठरवता येईना. शेवटी धाकट्यांच्या बायकोने सुरुवात केली आणि मग वाजल्या.

साहेब उठले. ते भले गृहस्थ होते, पण त्यांना फलकाच्या मंजुरीवर सही आणायला आठ महिने लागले होते. ते म्हणाले की भाषण हृद्य झालं, फलक भिंतीवर राहीलच, परंतु वक्त्यांनी स्वतःबद्दल काही बाबी सांगितल्या आहेत, त्या तपासून होईपर्यंत पडदाही राहील. मग त्यांनी चहा घेतला आणि गेले.

खुर्च्या आवरून झाल्यावर धाकटे वहिनींजवळ जाऊन उभे राहिले. कागद बदलला की बदलवला, हे विचारायचं त्यांच्या मनात होतं. वहिनींनी मांडीवरचा कागद घडी घालून परत दिला. म्हणाल्या, “तुमचं वाचलं. अक्षर चांगलं आहे.” धाकट्यांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. बघता आलं. मग विचारायचं राहून गेलं.

तीन आठवड्यांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. ‘आपण समारंभात केलेल्या निवेदनानुसार महापुराच्या दिवशी आपणास सातवा महिना होता. आपल्या सेवापुस्तकात तशी नोंद आढळत नाही. खुलासा सादर करावा.’ पत्र धाकट्यांच्या नावाने होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, बायकोला वाचून दाखवलं आणि ती हसून भिंतीला टेकली तेव्हा तिला तसंच सोडून वहिनींकडे घेऊन गेले.

वहिनी म्हणाल्या, खुलासा मी लिहिते. कागद घेतला, पेन घेतलं आणि थांबल्या. धाकट्यांनी विचारलं, मजकूर सुचत नाही का. त्या म्हणाल्या, “मजकूर आहे हो. माझं अक्षर कसं होतं ते आठवतेय.”

मग त्यांनी लिहिलं. अक्षर दुसरी-तिसरीतल्या मुलीचं होतं, कारण ते तिथेच कुठेतरी सुटलं होतं. ओळी वर चढत होत्या. सात बिनरेघेचा, चार बंद, नवाला शेपटी जवळजवळ नाहीच. महापुराचं माप मी घेतलं, महिना मला होता, ह्या भावजींना नव्हता, मुलगी आता एकतीस वर्षांची आहे, असं चार ओळींत लिहून त्यांनी खाली आपली सही केली. सहीला सगळ्यात जास्त वेळ लागला. धाकट्यांनी स्वतः जाऊन पत्र टाकलं.

महिन्याभराने उत्तर आलं. वहिनींनी ते उभ्यानेच वाचलं, धाकट्यांच्या हातात दिलं आणि खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. थोरले गेल्यापासून त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

पत्र एका ओळीचं होतं. ‘हस्ताक्षर का बदलले, याचा खुलासा सादर करावा.’

“काय लिहायचं आता?” धाकट्यांनी विचारलं.

वहिनींनी डोळे पुसले. “काही लिहू नका,” त्या म्हणाल्या. “चौदा पत्रं येऊ देत. पडदा आहे तोवर पितळेवर धूळ तरी बसत नाही.”